नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

प्रश्न (नाशिक): दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलल्या. रोज गाडी काढली तर काही त्रास नाही. तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारल्यावर नुसतं कट-कट. आता तिसरी घेऊ का?

मुळीच नको. दोन नव्या बॅटऱ्या ओळीने खराब निघणं अवघडच. रोजच्या वापरात त्रास नाही, म्हणजे चालत्या इंजिनावर बॅटरी भरणारा डायनॅमोही बहुधा नीट भरतोय. गाडी बंद असताना कोणीतरी करंट पीत बसलंय, त्याला शोधायचं.

थोडा करंट प्रत्येक गाडी पिते. घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनाचा संगणक मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ४०० असेल तर दिवसाला साडेनऊ अँपिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचं माप) जातात. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते, त्यामुळे तीन दिवसांत खडखडाट. तुमचं गणित नेमकं इथेच बसतं.

साधा मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा. बॉनेट उघडं ठेवा. दारं उघडून त्यांच्या लॉकची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा, म्हणजे गाडीला दारं बंदच वाटतील. किल्ली लांब ठेवा. आता निगेटिव्ह टर्मिनल काढून मीटरची एक पिन बॅटरीच्या खुंटाला, दुसरी सुटलेल्या वायरला. सुरुवातीला आकडा मोठा दिसेल, घाबरू नका. अर्धा तास थांबा, गाडी झोपू द्या. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, मीटर जळेल.

अर्ध्या तासानंतरही आकडा चढाच असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन पडेल, चोर त्याच लाइनवर. माझा पहिला संशय नेहमी नंतर बसवलेल्या वस्तूंवर असतो: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून टाकलेला स्टिरिओ. यांची वायर कित्येकदा थेट बॅटरीवरून ओढलेली असते, मग फ्यूज काढून उपयोग नाही. ती वायरच सोडवून बघायची. तीही नसेल तर डायनॅमोची जाड वायर सोडवा. आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने सोडणारा भाग, गळत असला की तो रात्रभर बॅटरी उतरवतो आणि दिवसा बऱ्यापैकी भरतोही, त्यामुळे कोणाला शंकाच येत नाही.

एका गिऱ्हाइकाच्या गाडीने मला दोन दिवस नाचवलं होतं. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला आणि डिकी लावली. आतला दिवा जळतच होता! पाच वॅटचा बल्ब, म्हणजे तेच ४०० मिलिअँपिअर.

प्रश्न (सातारा): आमचे मिस्त्री चालू गाडीची बॅटरीची वायर काढतात. गाडी बंद पडली नाही तर डायनॅमो चांगला, म्हणतात. खरं आहे का?

जुन्या गाड्यांवर हा खेळ खपून जायचा. आजच्या गाडीत वायर सुटताच व्होल्टेज उसळतं आणि संगणक उडू शकतो. त्यांना थांबवा. चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले आणि हेडलाइट, एसी लावूनही फार पडले नाहीत, की डायनॅमो पास. काही नव्या गाड्या पेट्रोल वाचवायला मुद्दाम चार्जिंग कमी करतात, तिथे एकदा कमी आकडा दिसला म्हणून लगेच दोष देऊ नका.

प्रश्न (ठाणे): आम्ही दोघंही निवृत्त. गाडी फारशी निघत नाही, म्हणून दर रविवारी दहा मिनिटं जागेवर चालू ठेवतो. तरी बॅटरी बसते.

काका, धडधाकट गाडीसुद्धा आठवडाभरात पाचेक अँपिअर-अवर पिते. जागेवरच्या दहा मिनिटांत तेवढं भरून येत नाही. उलट अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि ती कायमची कमजोर होते. अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणा. दोघंही गावाला जाणार असाल तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा, रेडिओचं घड्याळ परत लावावं लागेल.

प्रश्न (अकोला): बॅटरी थंडीत मरते असं ऐकलंय. आमची तर मेमध्ये गेली.

बॅटरीला खरी मारते ती उष्णता. बॉनेटखालच्या भट्टीत पाणी उडतं, प्लेटा झिजतात; थंडीत फक्त ते उघडं पडतं. टोपणं उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला एकदा पातळी बघा. प्लेटा बुडलेल्या हव्यात, आणि भरायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. अ‍ॅसिड ओतू नका, नळाचं पाणी तर नकोच.

प्रश्न (पुणे): रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, तरी सेल्फ ओढत नाही.

१२.६ म्हणजे बॅटरी भरलेली आहे. पण भरलेली बॅटरी जोर लावेलच असं नाही. सेल्फ मारताना मीटर पाहा. साडेनऊच्या खाली कोसळलं तर बॅटरी आतून संपली. कोसळलं नाही तर आधी टर्मिनल हाताने हलवून बघा. पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर क्लॅम्प काढून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीकडून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थची वायरही तशीच साफ करा. ती विसरली जाते, आणि मग लोक सेल्फ बदलून बसतात.