आकडी थांबली, पण नावं का आठवत नाहीत?

"मॅडम, फिट यायची थांबली, पण आता ह्याला गिऱ्हाइकांची नावंच आठवत नाहीत. ऑपरेशन करून चूक केली का ओ आम्ही?" आई विचारत होत्या. शेजारी तिशीतला मुलगा, मान खाली. चाटी गल्लीत चादरींचं दुकान. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गोळ्यांना दाद न देणारी आकडी, म्हणून पुण्यात डाव्या टेम्पोरल लोबचं, म्हणजे कानाजवळच्या मेंदूच्या भागाचं, ऑपरेशन झालेलं.

ही भीती खोटी नाही, आणि "काही होत नाही हो" म्हणून ती उडवून लावणं मला पटत नाही. बहुतेकांच्या मेंदूत नावं आणि ऐकलेलं लक्षात ठेवायचं काम डाव्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे टेम्पोरल लोबच्या आतल्या आठवणी साठवणाऱ्या भागावर, जास्त असतं. तो काढल्यावर मागे उरलेला तुकडा आणि उजवी बाजू ते काम थोडंफार उचलतात. वर्षानुवर्षं फिट येत असेल, तर ही अदलाबदल ऑपरेशनच्या आधीच सुरू झालेली असते. म्हणून ज्याची स्मरणशक्ती आधीच खालावलेली, त्याचं फारसं जात नाही; ज्याची चांगली, त्याला फटका जास्त. ह्याची आधीची चाचणी चांगली आली होती.

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन ह्या आकडीच्या पेशंटच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला आणि त्याला नवं काही लक्षात ठेवणंच जमेना. आता म्हणूनच एकाच बाजूला हात लावतात, तोही दुसरी बाजू तपासून.

मी त्याला कालचं गिऱ्हाईक विचारलं. "अक्कलकोटचे, पांढरी टोपी, मरून चादर, काठाला मोर, वीस नग." नाव तेवढं नाही! चेहरा, रंग, नक्षी सगळं जागेवर. मग ठरलं, ऑर्डरवहीत नावापुढे काठाची नक्षी काढायची, बिल देताना नाव मोठ्यानं घ्यायचं. आणि घरच्यांनी "काल भाजी कुठली होती सांग" ही रोजची परीक्षा बंद करायची. त्या धसक्यानंच तो जास्त अडखळत होता.

नावं अजून अडकतात, काही कायमची अडकतील, हेही सांगितलं. वर्षभरानं चाचणी पुन्हा करायची आहे.

निघताना आई म्हणाल्या, "फिटच नाही, तर गोळ्या आता बंद करू?" नाही. त्या कमी करायच्या तर न्यूरोलॉजिस्टनंच, हळूहळू. पुन्हा आकडी आली तर उरलेल्या स्मरणशक्तीवरही ताण येतो.