वॉशिंग प्लँट बंद आहे, मग पाण्याची एवढी काळजी कशाला?

तुमचा प्रश्न असा, की गावाशेजारचा लोहखनिजाचा वॉशिंग प्लँट कित्येक वर्षं बंद आहे, फाटकाला कुलूप आहे, तरी दर मे महिन्यात तिथे जेसीबी येऊन चर आणि तळी का उपसतो? यंत्रंच फिरत नसतील तर सांभाळायचं काय?

गोव्यातल्या डिचोली भागातल्या अशाच एका प्लँटवर मी बरीच वर्षं काढली. त्यातली शेवटची काही बंद प्लँटची राखण करण्यात गेली. चालू प्लँटपेक्षा बंद प्लँटचं पाणी जास्त छळतं, हा माझा अनुभव.

चालू प्लँटला पाणी हवं असतं. खनिज धुतल्यावर उरलेला बारीक गाळ, आमच्या भाषेत टेलिंग, थिकनरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवणाऱ्या मोठ्या टाकीत, घट्ट होऊन टेलिंग पाँडमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या तळ्यात, जातो. वरचं निवळ पाणी पंपाने परत प्लँटला. प्रत्येक फेरीत थोडं पाणी मालासोबत जातं, थोडं गाळात अडकतं, थोडं उन्हाने उडतं. म्हणजे पाँडच्या पाण्याला रोजचं गिऱ्हाईक असतं. प्लँट थांबला की गिऱ्हाईक गेलं, पावसाची आवक मात्र तशीच. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाण लीजचं (भाडेपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्याला खाणी थांबल्या, आणि पुढे तीन महिन्यांच्या आत मिरग. पाँड भरलेले, माणसं घरी बसलेली.

आता हिशेब बघा. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. प्लँट, डंप (खाणीतल्या टाकाऊ मातीचा ढीग) आणि वरचा उतार मिळून २० हेक्टरचं पाणी पाँडकडे येतंय असं धरा. जुलैत एका दिवसात १०० मिमी पडणं आपल्याकडे नवलाचं नाही. जवळजवळ सगळं वाहून आलं तर ते २०,००० घनमीटर होतं. ताशी ३०० घनमीटर उपसणारा पंप एक क्षणही न थांबता चालला तरी पावणेतीन दिवस लागतील, आणि पाऊस काही तेवढा वेळ थांबत नाही. पंपाच्या जिवावर पावसाळा निघत नाही, तो मेमधल्या चरांवर निघतो.

डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी आत शिरूच द्यायचं नाही, हे पहिलं काम. डंपच्या वरच्या अंगाने चर खणून (साइटवर त्याला गार्लंड ड्रेन म्हणतात) ते बाजूच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, सोडायचं. एकदा लाल झालं की ते पाणी तुमच्या गळ्यात पडलं. आतलं गढूळ पाणी मात्र एकामागे एक खोदलेल्या सेटलिंग पाँडमधूनच, म्हणजे गाळ बसू देणाऱ्या तळ्यांतूनच, बाहेर काढायचं. जेसीबी दिसतो तो यासाठी. गेल्या वर्षीच्या गाळाने अर्धं भरलेलं तळं वरून तळंच दिसतं, पण पाणी त्यात थांबत नाही, नुसतं पार होतं.

थांबणं का महत्त्वाचं? १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मातीचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली जायला साधारण तीन तास घेतो. १ मायक्रॉनचा कण तेवढ्याच अंतराला जवळजवळ तेरा दिवस घेतो. आकार दहापट लहान, वेळ शंभरपट. तुमच्या व्हाळाला जो लाल रंग दिसतो तो याच दुसऱ्या जातीचा. गोड्या पाण्यात तो मैलोगणती तरंगत जातो आणि खाऱ्या पाण्याला भेटला की गोळा होऊन बसतो. म्हणून खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधबंदिस्त शेतातल्या, शेतकऱ्याची तक्रार आणि खाणीची जागा यांच्यात एवढं अंतर असूनही तक्रार खरी असते.

बांध फुटण्याची भीती वेगळी. दक्षिण आफ्रिकेत व्हर्जिनिया गावाजवळ मेरीस्प्रुट इथे सोन्याच्या खाणीचा टेलिंगचा बांध होता. त्यात गाळ टाकणं १९९३ मध्येच अधिकृतपणे थांबलं होतं, पण पाणी सोडणं थांबलं नव्हतं. २२ फेब्रुवारी १९९४ च्या संध्याकाळी वळवासारखी सर आली, पाणी बांधावरून गेलं आणि सुमारे ६ लाख घनमीटर चिखल वस्तीत घुसला. १७ माणसं गेली. बांधाच्या माथ्यापर्यंत पुरेशी रिकामी जागाच उरली नव्हती. आम्ही या जागेला फ्रीबोर्ड म्हणतो. त्यासाठी पाँडमध्ये रंगवलेली पट्टी रोवायची आणि रोज सकाळी आकडा वहीत लिहायचा. कंटाळवाणं काम आहे, पण बंद प्लँटवर याहून महत्त्वाचं दुसरं नाही.

आमच्याकडे एका जुलैत काय झालं सांगतो. रात्री तांब्याची केबल चोरीला गेली (बंद प्लँटचा हा नेहमीचा आजार), सकाळी पंप मुका, डिझेल पंपाची बॅटरी मेलेली, आणि सांडव्याच्या तोंडाशी अकेशियाचा पाला साचून जणू दुसरा बांध. पाणी माथ्यापासून हातभर खाली होतं. आम्ही चौघांनी खोऱ्याने पाला ओढला तेव्हा ते उतरू लागलं. त्यानंतर सांडव्यासमोर जाळी आली, आणि वॉचमनच्या कामात जाळी साफ करणं लिहिलं गेलं.

आणखी एक, बाहेरच्याला विचित्र वाटेल असं. अर्धी जमिनीत गाडलेली थिकनरची टाकी पावसाआधी कोरडी ठाक करून ठेवू नये. भोवतीचं भूजल वर आलं की रिकामी टाकी होडीसारखी उचलली जाऊन तडकू शकते.

आपलं गोव्याचं खनिज ऑक्साइड जातीचं, म्हणून इथे मुख्य त्रास गाळाचा. तांबं किंवा शिसं-जस्ताच्या मिलच्या टेलिंगमध्ये पायराइट असेल तर हवा-पाण्याने त्याचं आम्ल होतं, आणि तिथे चुना घालणं मिल बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं सुटत नाही.

तुम्हाला बाहेरून तपासायचं असेल तर मोठ्या सरीनंतर दोनेक तासांनी प्लँटच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या व्हाळाचं पाणी दोन काचेच्या बाटल्यांत भरा, तारीख-वेळ चिकटवा, फोटो काढा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी खालची बाटली लालच राहिली आणि वरची निवळली, तर ग्रामसभेत आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्या दोन बाटल्या घेऊनच जा.