वाचकांचे प्रश्न : संडासाचा खड्डा किती मोठा, कुठे आणि कसा?

मागच्या अंकात दोन शोषखड्ड्यांच्या, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांच्या, संडासाची माहिती दिली होती. त्यावर नाशिक जिल्ह्याच्या बहुतेक तालुक्यांतून पत्रे आली. बऱ्याच पत्रांत खोली, टाइल्स, दरवाजा यांचीच चौकशी आहे. आमचा भर मात्र जमिनीखालच्या कामावर आहे. खोली कशीही असली तरी चालते. खड्डा चुकला की दोन-चार वर्षांत संडास बंद पडतो आणि घरची माणसे पुन्हा बाहेर जाऊ लागतात. त्याचा सगळ्यात जास्त त्रास बायकांना होतो, कारण त्यांना अंधार पडायची वाट पाहावी लागते.

घरात सहा माणसे आहेत. गवंडी म्हणतो, दहा बाय दहाची आठ फूट खोल टाकी काढा, पन्नास वर्षे बघायला नको. दोन छोटे खड्डे पुरतील का? (ता. सिन्नर)

पुरतील, आणि टाकीपेक्षा चांगले चालतील. आधी टाकीचा हिशेब पाहा. दहा बाय दहा बाय आठ म्हणजे 800 घनफूट, साधारण 22,600 लिटर. हाताने पाणी ओतायच्या संडासात माणशी रोज साडेनऊ लिटरच्या आसपास पाणी-मैला खाली जातो. सहा माणसांचे झाले 57 लिटर. टाकी खरोखर पाणी धरणारी असेल आणि तिला बाहेर जायला वाट नसेल, तर ती वर्ष-सव्वा वर्षात तोंडापर्यंत भरते. न्हाणीचे पाणी सोडले तर काही महिन्यांतच. अशा टाक्या वीस-वीस वर्षे भरत नाहीत, याचा अर्थ त्या खालून गळतात. त्या गळतीने शेजारची विहीर बिघडते. तळाचा गाळ मात्र आतच राहतो, घट्ट होत जातो, आणि एक दिवस तो उपसायला कुणालातरी खाली उतरवले जाते.

आता दोन खड्ड्यांचे गणित. पाण्याने धुणाऱ्या घरात माणशी वर्षाला सुमारे 45 लिटर गाळ साचतो, म्हणजे सहा माणसांचा 270 लिटर. चार फूट व्यासाचा आणि पाइपाच्या तोंडाखाली चार फूट खोल खड्डा सुमारे 1,420 लिटर धरतो. तो पाच वर्षे चालतो. भरला की, संडासाचा पाइप दोन खड्ड्यांकडे जिथे फुटतो त्या चेंबरमधली वाट बदलून दुसरा खड्डा सुरू करायचा. पहिल्यातला मैला पडून राहतो, कुजतो आणि कोरडा होतो. सरकारी नकाशांत दिसणारा तीन-साडेतीन फुटांचा खड्डाही चालतो, पण सहा माणसांना तो तीनेक वर्षेच पुरेल.

बांधताना या गोष्टींवर स्वतः उभे राहून लक्ष ठेवा. दोन खड्ड्यांमध्ये खड्ड्याच्या खोलीइतके, म्हणजे चार फूट अंतर हवे. ते चिकटून घेतले तर चालू खड्ड्याचे पाणी बंद खड्ड्यात झिरपते आणि तिथला मैला कधीच सुकत नाही. विटांचे अस्तर साडेचार इंची, 1:6 सिमेंट-वाळूत. एक थर सलग, पुढच्या थरात विटांमध्ये दोन इंचांच्या फटी, असे जाळीकाम वरपर्यंत. वरचे नऊ इंच मात्र सलग बांधायचे. तळाला काँक्रीट नाही आणि आतून गिलावा नाही. गवंड्याला असे काम अर्धवट वाटते आणि तो हौसेने खड्डा आतून गुळगुळीत करून देतो. असे झाले की पाणी मुरायला जागाच उरत नाही आणि महिन्याभरात संडासाचे भांडे तुंबते.

भांडे ग्रामीण नमुन्याचे घ्या, ज्याचा उतार 25 ते 28 अंश असतो. त्यासोबतच्या पी ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवायला पाणी धरणाऱ्या वाकड्या पाइपात, पाणी फक्त 20 मिलिमीटर उभे राहते, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये काम होते. शहरी भांड्याचा ट्रॅप 50 मिलिमीटरचा असतो. त्याला बादलीभर पाणी लागते, आणि सिन्नरच्या पूर्व भागात उन्हाळ्यात ते कुठून आणणार? दुकानात भांडे आणि ट्रॅप जोडीने मागा, वेगवेगळे घेऊ नका. पाइप चार इंची. पंधरा फुटांना एक फूट हा उतार किमान, त्याहून जास्त दिला तर उत्तमच. पाइपाचे टोक खड्ड्यात चार इंच पुढे यायला हवे, नाहीतर मैला भिंतीवरून ओघळतो आणि जाळी बुजते. चेंबरमधली एक वाट वीट व माती लावून बंद ठेवा. दोन्ही वाटा उघड्या ठेवल्या तर दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि दोन खड्ड्यांचा सगळा उद्देश वाया जातो. गावोगाव सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे.

न्हाणीचे आणि भांडी घासायचे पाणी या खड्ड्यात सोडू नका. त्याला परसबागेची वाट द्या.

आमची काळी जमीन. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी मुरतच नाही. (ता. निफाड)

काळी माती पाणी धरून ठेवते. भिंतीच्या एका चौरस मीटरमधून रोज किती लिटर मुरते ते पाहा : वाळूत 50, पोयट्यात 30, घट्ट चिकणमातीत जेमतेम 10. पाच माणसांचे रोजचे साडेसत्तेचाळीस लिटर मुरवायला घट्ट मातीत पावणेपाच चौरस मीटर भिंत लागते. एक मीटर व्यास आणि एक मीटर खोलीच्या खड्ड्याला 3.14 चौरस मीटरच मिळते. म्हणून तो तुंबतो. त्यात गवंड्याचा काही दोष नाही, माप लहान पडले आहे.

व्यास पाच फूट करा, त्याने भिंत हवी तेवढी होते. पण आधी सब्बलीने खाली बघा. निफाडच्या बऱ्याच मळ्यांत काळ्या थराखाली मुरूम लागतो. तो चार-पाच फुटांवर असेल तर खड्ड्याचा खालचा भाग मुरमात न्या, पाणी तिथून झपाट्याने मुरेल. मात्र कालव्याचे आवर्तन चालू असताना पाणी किती वर येते ते शेजारच्या विहिरीत पाहून ठेवा. खड्ड्याचा तळ आणि पाण्याची सर्वांत वरची पातळी यांत दोन मीटर अंतर हवे. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्या दाबाने साडेचार इंची अस्तर आत येते. बाहेरून सहा इंच जाड मुरमाचा किंवा वाळूचा थर भरला तर हा दाब विटांवर थेट येत नाही.

पावसाळ्यात खड्डे पाण्याने भरतात, भांड्यातून पाणी उलटे येते. खाली कातळ आहे. (ता. इगतपुरी)

घाटमाथ्याच्या पावसात खोल खड्डा चालत नाही. खड्डा उथळ, रुंद आणि अर्धा जमिनीवर घ्या. दोन फूट खाली, दोन फूट वर. वरच्या भागाचे अस्तर सलग बांधा, भोवती मातीचा भराव करून तो चोपा, म्हणजे पावसाचे पाणी बाजूला वाहून जाईल. खड्डा वर आला की भांडेही वर आले पाहिजे, नाहीतर पाइपाला उतार उरत नाही. म्हणून जोते अडीच-तीन फुटांचे धरा. पायऱ्या वाढतील, त्यांना एका बाजूने कठडा द्या.

कातळाची गोष्ट जास्त गंभीर आहे. विहिरीपासून दहा मीटर अंतर ठेवा असा नियम सगळीकडे सांगितला जातो. तो मातीसाठी आहे, कारण माती गाळणीचे काम करते. कातळातल्या भेगा काहीच गाळत नाहीत. खड्ड्यातले पाणी भेगेतून लांबच्या झऱ्यात पोहोचू शकते आणि मग वाडीत कावीळ आणि जुलाब येतात. इथे खड्डा विहिरीच्या किंवा झऱ्याच्या उतरंडीला असला पाहिजे, वरच्या अंगाला कधीच नको. तळ चिकणमातीने चोपून बंद करा आणि अस्तराबाहेर चोहीकडून अर्धा मीटर जाड बारीक वाळूचा थर भरा. वाळूचा खर्च टोचतो, पण हा खर्च वाचवू नका. पाणी पाझरणारी जागा सोडून दुसरी जागाच नसेल, तर दोन-तीन घरांनी मिळून वाडीच्या खालच्या अंगाला खड्डे घ्यावेत आणि पाइप लांब न्यावा.

द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडची चाळीस माणसे मळ्यावर उतरतात. त्यांच्यासाठी किती संडास हवेत? (ता. दिंडोरी)

विचारलेत हे चांगले झाले. ऑक्टोबरच्या छाटणीपासून मार्चच्या काढणीपर्यंत पाच-सहा महिने ही कुटुंबे शेडनेटच्या नाहीतर ताडपत्रीच्या खोप्यात राहतात आणि बहुतेक ठिकाणी बांधाच्या पलीकडे जातात.

तात्पुरत्या वस्तीसाठी वीस माणसांना एक संडास हे जगभर मानले जाणारे किमान माप आहे. त्या मापाने तुम्हाला दोन पुरतील, पण खड्ड्याचे गणित वेगळे सांगते. चाळीस माणसांचे रोज 380 लिटर होतात. ते मुरमात मुरवायला अठरा-एकोणीस चौरस मीटर भिंत हवी. म्हणून चार संडास घ्या आणि प्रत्येकाला चार फूट बाय चार फुटांचा खड्डा द्या. दोन बायकांना, दोन पुरुषांना. बायका जास्त असतील तर तिसरी खोलीही त्यांना द्यावी, पण मग पुरुषांच्या एकाच संडासाला दोन खड्डे जोडावे लागतील. पाच महिन्यांत एका खड्ड्यात जेमतेम दोनशे लिटर गाळ जमेल, तेव्हा एकच खड्डा अनेक हंगाम जाईल आणि उरलेले सात महिने त्याला विश्रांती मिळेल.

खोली पत्र्याची चालेल. कडी आतून हवी, कारण तिच्याशिवाय कोणतीही बाई तो संडास वापरणार नाही. रात्री दिवा लागेल अशी सोय करा, बाहेर पाण्याची टाकी आणि साबण ठेवा. बायकांच्या खोलीत पॅडसाठी झाकणाचा डबा हवा. पॅड भांड्यात गेले की पाइप तुंबतो आणि खड्ड्यात ते कुजत नाही. बोअर आणि ठिबकचे शेततळे यांपासून दूर, आणि खोप्यांपासून पन्नासेक पावलांच्या आत जागा धरा. साफसफाई कोण करणार हे मजुरांच्या माथी न मारता हंगामाआधी ठरवा आणि तिची मजुरी वेगळी द्या.

सोसायटीची सेप्टिक टँक भरली आहे. माणूस उतरवून स्वस्तात होते असे म्हणतात. (नाशिक शहर)

होऊ देऊ नका. सुरक्षा साधनांविना माणसाला सेप्टिक टँक किंवा गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. काम देणारी व्यक्ती यात दोषी धरली जाते, म्हणजे सोसायटीचे पदाधिकारीही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास कुटुंबाला तीस लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितले. पैशाने तो माणूस परत येत नाही.

टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होते आणि वासच कळत नाही. म्हणून 'वास नाही, उतरायला हरकत नाही' हे म्हणणे जीव घेते. मिथेन असल्याने काडी पेटवून पाहणे तर फार धोक्याचे. आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो.

सक्शनची गाडी बोलवा. झाकण उघडून टाकी मोकळी सोडा, पाइप वरूनच खाली सोडायला सांगा. मैला कुठे ओतणार, हे आधी विचारा आणि प्रक्रिया केंद्राची पावती मागा, नाहीतर तो रात्री नाल्यात ओतला जातो आणि तिथून गोदावरीत जातो. टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी. तळाला थोडा जुना गाळ राहू द्यावा, नव्या मैल्यात जंतूंचे काम त्यानेच लवकर सुरू होते. अ‍ॅसिडने टाकी धुऊ नका. टाकीतून बाहेर पडणारे पाणीही रोगजंतूंचेच असते. ते शोषखड्ड्यात किंवा महापालिकेच्या भुयारी गटारात गेले पाहिजे.

शोषखड्ड्याला गॅस जायला उभा पाइप हवाच ना? (ता. येवला)

नको. विटांच्या जाळीकामातून गॅस मातीत जातो. उभा पाइप ही कोरड्या खड्ड्याच्या संडासाची गोष्ट आहे. झिम्बाब्वेत 1970 च्या दशकात तो नमुना तयार झाला, त्यात पाइपाच्या तोंडावर माशी अडवणारी जाळी असते. आपल्या पाण्याच्या संडासाला तसा पाइप लावला आणि जाळी फाटली की त्यातून डासच बाहेर येतात.

पहिला खड्डा भरून बंद केला आहे. सोनखत कधी काढावे? (ता. चांदवड)

पूर्ण दोन वर्षांनी. जंताची अंडी फार चिवट असतात, ती मरायला इतका काळ द्यावा लागतो. त्यामुळे खड्डा ज्या दिवशी बंद केला ती तारीख ओल्या सिमेंटवर झाकणातच कोरून ठेवा. घरात पुढच्या माणसाला ती आठवावी लागू नये. काढताना आतला माल काळसर, भुसभुशीत आणि वासाशिवाय असेल तर तो तयार आहे. ओला, चिकट निघाला तर पावसाचे पाणी आत शिरत होते असे समजा. मग झाकणाचे सांधे बुजवा, भोवती चर काढा आणि आणखी एक उन्हाळा जाऊ द्या. तयार खत फळझाडांच्या आळ्यात मातीखाली घाला. मेथी, कोथिंबीर, गाजर अशा कच्च्या खायच्या पिकांना ते देऊ नका. काढताना हातमोजे आणि बूट घाला, आणि झाकण उघडून खड्ड्याला तासभर हवा लागू द्या. खत वरूनच फावड्याने काढा, कुणी आत उतरू नये.