हर्षवायू: नव्याने लिहिणाऱ्यास

गणपतीसाठी मालवणात आलेल्या चाकरमानी मुलाला पाहून ‘आई हर्षवायू झाली’ असे आपण लिहिले आहे. शब्द फार चांगला निवडलात. परंतु हर्षवायू माणसाला होतो, माणूस हर्षवायू होत नाही, म्हणून ‘आईला हर्षवायू झाला’ असेच लिहावे.

‘हर्ष’ ज्या ‘हृष्’ धातूपासून आला, त्यात रोमांच उभे राहण्याचाही अर्थ आहे, आणि येथील ‘वायू’ म्हणजे समुद्रावरचा वारा नव्हे, तर भान हरपवणारा वाताचा विकार होय. त्यामुळे बाजारात ताजे बांगडे मिळाले, तर ‘आनंद’ पुरेसा आहे.

सुरुवातीला एवढेच सांभाळावे:
- एका लेखात हा शब्द एकदाच वापरावा.
- शेवटचा ‘यू’ दीर्घ लिहावा.

उल्हास व आल्हाद यांतील भेद सध्या बाजूला ठेवावा.