गिअरबॉक्स उतरवण्याआधी क्लच तपासा

प्रश्न : वडिलांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेला शक्तिमान ट्रक अक्कलकोट रस्त्यालगतच्या आमच्या शेतात लिंबाखाली सहा वर्षे उभा होता. इंजिन आता सुरू झाले आहे; पण क्लच पूर्ण दाबूनही एकही गिअर पडत नाही, नुसता कर्रकर्र आवाज येतो. इंजिन बंद असताना मात्र सगळे गिअर सहज पडतात. एका मिस्त्रींच्या मते गिअरबॉक्स गेला आहे. पुतण्या आणि मी मिळून घरीच काम करावे म्हणतो. सुरुवात कुठून करावी? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, ही आपण दिलेली सर्वांत मोलाची माहिती आहे. त्यावरून दोष बहुधा गिअरबॉक्समध्ये नसून क्लच सुटत नाही एवढाच असावा. गाडी पावसाळ्यामागून पावसाळे एका जागी उभी राहिली की फ्लायव्हील (इंजिनाच्या मागचे जड चाक) आणि प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला त्यावर दाबून धरणारी तबकडी) गंजतात आणि मधली क्लच प्लेट त्या गंजाने चिकटून बसते. मग पॅडल कितीही दाबले तरी इंजिनाची फिरकी गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतच राहते.

आधी पुतण्याला पॅडल दाबायला सांगून आपण खालून क्लचचा फोर्क, म्हणजे पॅडलच्या जोराने सरकून क्लच सोडवणारा दांडा, पाहावा. फोर्क पुरेसा सरकत नसेल, तर झिजलेल्या पिना, सैल जोड किंवा पॅडलचे बिघडलेले सेटिंग हेच कारण असू शकते आणि काम तिथेच संपेल. फोर्क पूर्ण सरकूनही क्लच सुटत नसेल, तर प्लेट चिकटली आहे असे धरून पॅडल लाकडी टेकूने दाबून रात्रभर तसेच ठेवावे. एवढ्यानेही कधी कधी प्लेट सुटते. न सुटल्यास इंजिन चांगले तापवून बंद करावे, पुढे मोकळे रान असेल अशा जागी गाडी खालच्या गिअरमध्ये घालावी, क्लच दाबूनच स्टार्टर मारावा आणि गाडी चालू लागल्यावर पॅडल दाबलेलेच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर व ब्रेक आलटून पालटून द्यावा. प्लेट सुटताना ‘खट्’ असा आवाज येतो. मात्र सहा वर्षे न वापरलेले ब्रेक आधी दुरुस्त करून खात्री केल्याशिवाय हा प्रयोग मुळीच करू नये. क्लचच्या घरात रॉकेल किंवा डिझेल ओतण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये. लाइनिंग, म्हणजे क्लच प्लेटवरचा घर्षणाचा थर, तेल पिते आणि चिकटलेला क्लच सुटला तरी पुढे घसरू लागतो.

इतके करूनही यश आले नाही, तरच गिअरबॉक्स उतरवावा. केवळ जॅकच्या भरवशावर ट्रकखाली शिरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. चाकांना अडण्या लावून चासी जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवावी. गिअरबॉक्स मागे घेताना किंवा पुन्हा बसवताना त्याचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर (क्लच प्लेटमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्यावर) लटकू देऊ नये, नाहीतर नव्या प्लेटचा हबसुद्धा (मधला दातेरी भाग) वाकतो. दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी लांब स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) बसवले, तर गिअरबॉक्स त्यांवरून सरळ सरकतो आणि बसवतानाही तेच स्टड उपयोगी पडतात.

आतली धूळ हवेच्या नळीने उडवू नये. जुन्या लाइनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की कायमची इजा करते. तोंडाला चांगला मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावे. लाइनिंग रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत झिजले असेल तर प्लेट बदलावी. फ्लायव्हीलवर वरवरचा गंज असेल तर पॉलिश पेपर पुरेसा आहे, निळसर डाग किंवा तडे दिसले तर ते लेथवाल्याला दाखवावे. पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचे पुढचे टोक ज्यात फिरते ते बेअरिंग) बोटाने फिरवून पाहण्यास विसरू नये. ते जाम असेल तर नवी प्लेट घातल्यावरही हीच तक्रार राहील.

शक्तिमान हा जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला 1959 पासून बनलेला ट्रक असल्याने सुटे भाग नावाने मागण्यापेक्षा जुनी प्लेट सोबत नेऊन व्यास आणि हबचे दाते जुळवून घ्यावेत. प्लेट बरोबर मध्यभागी बसवण्यासाठी शाफ्टच्या मापाचा लाकडी दांडा लागतो. यंत्रमागांचे भाग घडवणारे टर्नर सोलापुरात आहेत, त्यांना माप दिले की तो सागवानातून कातून मिळेल. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. पॅडलला सुरुवातीची मोकळी चाल साधारण 25 ते 30 मिलिमीटर ठेवावी आणि नवे लाइनिंग बसले असेल तर काहीशे किलोमीटरनंतर ती पुन्हा मोजावी.