इटलीतले बांगलादेशी आणि सेनेगाली: पगार बघू नका, संसार कुठे आहे ते बघा

वृंदाताई, तुमचा प्रश्न मी असा समजले. रोम-फ्लॉरेन्स फिरताना गुलाबाची फुलं, छत्र्या आणि रात्री उशिरापर्यंत उघडी किराणा दुकानं बांगलादेश्यांकडे दिसली. चादरीवर बॅगा मांडून बसलेले मात्र बहुतेक सेनेगाली. दोन्ही देश गरीब, दोन्हीकडे मुसलमान बहुसंख्य. मग धंदे वेगळे का, आणि बरं कुणाचं चाललंय? शिवाय पथारीवाल्याकडून बॅग घेतली तर त्याला मदत होते का? वर एकांनी लिहिलंय की बांगलादेश्यांची दुकानं आहेत म्हणजे ते पुढे गेले. दुसऱ्यांचं म्हणणं, ते सरकारी भत्त्यांवर जगतात. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

मी उत्तर इटलीतल्या ब्रेशा शहरात एका काफमध्ये काम करते. काफ म्हणजे लोकांची कर-विवरणपत्रं आणि भत्त्यांचे अर्ज भरून देणारं केंद्र. ब्रेशात सेनेगाली पुष्कळ, बांगलादेशीही बऱ्यापैकी, त्यामुळे दोघांचे कागद माझ्या टेबलावर येतात. बंगाली मंडळींशी हिंदीत निभतं, सेनेगाली लोकांशी इटालियनमध्ये.

आधी एक दुरुस्ती. पर्यटकाला दिसतात ते या दोन समाजांतले थोडेच. इटलीत नोंद असलेले बांगलादेशी पावणेदोन लाखांच्या आसपास आहेत आणि सेनेगाली एक लाख दहा हजारांच्या आसपास (२०२३). त्यातले बहुतेक पर्यटकाच्या नजरेला पडतच नाहीत. बांगलादेशी हॉटेलांच्या मुदपाकखान्यात असतात (रोममध्ये तुम्ही खाल्लेला कार्बोनारा पास्ता बांगलादेशातल्या शरीयतपूरच्या माणसाने केलेला असण्याची शक्यता चांगलीच), नाहीतर ईशान्य इटलीतल्या मोन्फाल्कोने आणि मार्गेराच्या जहाजबांधणी गोद्यांत. मोन्फाल्कोने हे तीस हजार वस्तीचं गाव. त्यातले तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोक परदेशी आणि त्यांत सगळ्यांत जास्त बांगलादेशी. सेनेगाली माणसं ब्रेशा-बेर्गामोच्या ओतशाळा आणि कारखान्यांत किंवा तोस्कानातल्या चामड्याच्या कारखान्यांत. रील्समध्ये हात पसरून काही न बोलता हसवणारा खाबी लाम तुम्ही पाहिला असेलच. तो सेनेगलमध्ये जन्मला, तोरिनोजवळच्या कीवास्सोत वाढला आणि २०२० मध्ये कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा व्हिडिओ करायला लागला. त्याचं पुढचं नशीब सोडून द्या, पण नोकरी जाईपर्यंतची त्याची गोष्ट इथल्या कितीतरी सेनेगाली घरांत ऐकायला मिळते.

धंदे वेगळे का, याचं उत्तर कोण केव्हा आणि कसा आला यात आहे. सत्तरच्या दशकात सेनेगलच्या भुईमुगाच्या पट्ट्यात दुष्काळ पडला. तिथल्या मुरीद या सूफी मुसलमान पंथाची माणसं शेती सोडून डाकारच्या बाजारात व्यापाराला लागली आणि तिथून बाहेर पडली. फ्रान्सने १९७४ मध्ये कामगार घेणं थांबवलं आणि १९८६ मध्ये व्हिसाही लावला, तशी त्यांची वाट इटलीकडे वळली. १९९० पर्यंत सेनेगाली माणसाला इटलीत यायला व्हिसा लागत नसे. तिकिटाचे पैसे जमवायचे, यायचं, आधी आलेल्या गाववाल्याकडे उतरायचं, त्याच्याकडून उधारीवर माल घ्यायचा आणि समुद्रकिनाऱ्यावर विकायचा. म्हणजे पथारी ही त्यांची लाचारी नव्हती, येतानाच बरोबर आणलेला धंदा होता. पुढे उत्तरेतल्या कारखान्यांनी बोलावलं तसे ते तिकडे गेले. १२ जानेवारी १९९४ ला त्यांच्या सीएफए फ्रँक या चलनाची किंमत एका रात्रीत निम्मी झाली. त्यानंतर घरी पोचणाऱ्या परकी पैशाला जो भाव आला, त्याने आणखी पोरं बाहेर पडली.

बांगलादेशी आले ते १९९० च्या मार्तेल्ली कायद्याच्या वेळी. बेकायदा राहणाऱ्यांना कागद मिळणार, ही बातमी जर्मनी-फ्रान्समध्ये अडकलेल्या बंगाली पोरांना लागली आणि ती रोमला धावली. तिथल्या व्हिया कासिलीना रस्त्यावरच्या पांतानेल्ला नावाच्या बंद पडलेल्या पास्ता कारखान्यात हजारो लोक राहत होते. त्यांत बांगलादेशी आणि पाकिस्तानी जास्त. जानेवारी १९९१ च्या अखेरीस पोलिसांनी तो रिकामा केला. त्याच रस्त्याला पुढे तोर्पिन्यात्तारा ही आज रोमची बंगाली वस्ती आहे. त्यांच्यामागून शरीयतपूर, मादारीपूर, किशोरगंजची भावंडं-भाचे आले, पण ते दलालाला पैसे मोजून. जमीन विकून किंवा गहाण टाकून दहा-पंधरा लाख टाका (बांगलादेशी चलन) उभे करायचे हे सर्रास चालतं. लिबियामार्गे येणाऱ्याला तिथे डांबून घरच्यांकडून खंडणी उकळतात, ती वेगळी. परदेशी कामगारांसाठीच्या सरकारी कोट्यातून येणाऱ्यांनाही हे चुकलं नाही. परवान्यासाठी पैसे भरून उतरलेल्या कित्येकांना इथे मालकच सापडला नाही. बनावट कागद इतके निघाले की ऑक्टोबर २०२४ मध्ये इटलीने बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेचे परवाने पडताळणी होईपर्यंत थांबवून ठेवले.

सेनेगलहूनही आता स्पेनच्या कॅनरी बेटांकडे होड्या सुटतात, माणसं बुडतात. पण तिथे मोजावी लागते ती रक्कम बंगाली दलालाच्या भावाच्या मानाने फार कमी, आणि अनेकदा ती आईने भिशीतून उचललेली असते. जिवाची जोखीम मोठी, कर्ज लहान. बांगलादेशी पोरगा मात्र उतरतो तोच तीन-चार वर्षांचं व्याज डोक्यावर घेऊन, त्यामुळे मिळेल ते काम, मिळेल त्या दराने, आजपासून. चार तासांचा करार आणि दहा तास काम, ही हॉटेलांतली रीतच आहे. वरचे तास रोखीत मिळतात किंवा मिळतही नाहीत. गोद्यांमध्ये उपकंत्राटदारांची उतरंड असते. तिथे 'पागा ग्लोबाले' म्हणून एक प्रकार चालतो: तासाला एक ठरावीक दर, त्यातच सुट्टीचे पैसे, तेरावा पगार (वर्षाअखेरचा जादा महिन्याचा पगार), सगळं धरलेलं. पगारपत्रकावर मात्र सगळे रकाने व्यवस्थित भरलेले असतात. माझ्याकडे एक पत्रक आलं होतं, त्यात प्रवासभत्ता म्हणून भलीमोठी रक्कम होती, आणि तो माणूस गोदीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राहत होता. प्रवासभत्त्यावर कर नाही, पेन्शनची वर्गणी नाही, म्हणजे पुढे पेन्शनमध्येही तो पैसा धरणार नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "दीदी, परवाना रिन्यू होतोय ना? मग ठीक आहे."

आता बरं कुणाचं? ठोकळ हिशेब मांडते. दोन माणसं धरा, दोघांचा हातात येणारा पगार महिना १३०० युरो. बांगलादेशी माणसाने बायको आणि दोन मुलं आणलेली असतात. त्यासाठी सरकारला पुरेशी मिळकत आणि नियमात बसणारं घर दाखवावं लागतं, म्हणून तो शेअरिंग सोडून ६०० युरोंचं घर घेतो. बायको बाहेर काम करत नाही. बांगलादेशी बायकांत कमावत्या शंभरात दहाच्या आसपास, म्हणजे इथल्या मोठ्या परदेशी समाजांत अगदी तळाच्या गटात. त्यामागे भाषा आहे, लहान मुलं आहेत, आणि 'लोक काय म्हणतील' हेही आहेच. मुलांपायी दोघांचा मिळून चारशेच्या आसपास भत्ता मिळतो, कारण मुलं इटलीत आहेत. त्यातून भाडं, कर्जाचा हप्ता, गावी आईला दोनशे. महिनाअखेर शिल्लक शून्य.

सेनेगाली माणूस एका फ्लॅटमध्ये आणखी तिघांबरोबर राहतो, भाड्याला दीड-दोनशे देतो. एकाच मोठ्या थाळीत चौघं जेवतात. बायका-मुलं सेनेगलमध्ये, तुबा (मुरीदांचं पवित्र शहर) किंवा ल्युगा गावात. पाच-सहाशे युरो घरी जातात, दहा-वीस दाहिराला. दाहिरा म्हणजे एका गुरूला मानणाऱ्यांचं मंडळ. वर्गणी गोळा करायची, आजारपणात धावायचं, कुणी गेलं तर शव सेनेगलला पोचवायचं, हे सगळं त्यांच्याकडे. तुबामधलं मतलाबुल फवझैनी हे मोठं रुग्णालय परदेशातल्या मुरीदांच्या वर्गण्यांतून उभं राहिलंय. दाहिरा बँकेपेक्षा आणि सरकारपेक्षाही लवकर मदतीला येते, हे मी स्वतः पाहिलंय.

कागदावर यातला गरीब कोण? बांगलादेशी. इथे भत्ते ठरवायला घराच्या मिळकतीचा आणि माणसांचा हिशेब करून एक आकडा काढतात, त्याला इझे म्हणतात. तेराशे युरोंत चौघं म्हटल्यावर आकडा तळाला जातो. सेनेगाली एकटा, म्हणून त्याचा आकडा वर. त्याच्यावर गावी अवलंबून असलेली चौदा माणसं त्या फॉर्मवर कुठेच नाहीत. मुलांचा भत्ता त्याला नाही, कारण मुलं इथे राहत नाहीत. पूर्वी परदेशातल्या कुटुंबापोटी करात थोडी सूट मिळायची. २०२५ पासून युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकांसाठी तीही बंद झाली. आमच्या काउंटरवर हे सांगताना सगळ्यांत जास्त वेळा समोर सेनेगाली माणूस असतो. त्यामुळे परदेशी कुटुंबांपैकी शंभरातली पस्तीस दारिद्र्यात (२०२३ चा सरकारी आकडा, निव्वळ इटालियन कुटुंबांत तो साडेसहाच्याही खाली) असं वाचाल तेव्हा हा आकडा इटलीतल्या चार भिंतींपुरता आहे हे लक्षात ठेवा. बांगलादेश्यांची गरिबी त्यात दिसते, सेनेगाल्यांची अर्धी गरिबी ल्युगामध्ये असते.

मग कोणी म्हणेल, बांगलादेशी इथेच सगळं खर्चतात. तेही खरं नाही. इटलीहून अधिकृत मार्गाने जाणाऱ्या पैशात अलीकडे बांगलादेश पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ मध्ये हा आकडा जवळजवळ १२० कोटी युरो होता, सेनेगलचा त्याच्या निम्म्याहूनही बराच कमी. त्याला तीन कारणं दिसतात. बांगलादेशी जास्त आहेत. नव्याने आलेला, कर्ज फेडणारा, एकटा तरुण त्यांच्यात मोठ्या संख्येने आहे. आणि बांगलादेश सरकार बँकेतून आलेल्या पैशावर अडीच टक्के वर टाकतं, त्यामुळे हुंडीचा (बँकेबाहेरून जाणारा) पैसा थोडा उजेडात आला. टाकाही घसरलाय, म्हणजे तोच युरो गावी जास्त दिसतो (महागाई त्यातलं बरंच खाते, तो भाग वेगळा). सीएफए फ्रँक युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला असल्याने सेनेगाल्याला असा फायदाही नाही आणि झटकाही नाही.

मंदीत दोघं काय करतात, तेही बघण्यासारखं. २००८ नंतर उत्तरेतले कारखाने बंद पडले तेव्हा नोकरी गेलेले कितीतरी सेनेगाली परत पथारीवर आले. घर सेनेगलमध्ये असल्यामुळे त्यांना इथे पोट आवळून राहता आलं. विचेंझाकडच्या बांगलादेशी कुटुंबांपैकी ज्यांना इटालियन नागरिकत्व मिळालं होतं, ती थेट पूर्व लंडनला गेली. मुलांना इंग्रजी शाळा, आसपास आपली माणसं, हलाल खाटीक कोपऱ्यावर. ब्रेक्झिटने ती वाट बंद केली. मुलांच्या बाबतीत सेनेगाली उलट वागतात. इथे जन्मलेलं पोर बिघडतंय असं वाटलं की काही वर्षं आजीकडे, तुबाच्या शाळेत. परत आल्यावर त्या पोराचं इटालियन कच्चं, आणि मग पुन्हा कारखाना किंवा गोदाम. मला विचाराल तर पुढच्या पिढीच्या कमाईचा प्रश्न आला की बांगलादेश्यांचं पारडं मला जड वाटतं. बायका कामाला लागल्या तर आणखीच. आज मात्र रात्री शांत झोप सेनेगाल्याला जास्त लागत असणार, कारण त्याच्यामागे दलाल नाही.

हे सगळं इटलीपुरतं बरं का. न्यूयॉर्कमध्ये चित्र वेगळं दिसेल. तिथे हार्लेममध्ये सेनेगाली बायका वेण्या घालायची दुकानं चालवून स्वतः कमावतात. बांगलादेशी टॅक्सी चालवतात, आणि ज्यांनी टॅक्सीचा परवाना भाव शिगेला असताना कर्जाने घेतला ते बुडाले. २०२१ मध्ये चालकांनी उपोषण केलं तेव्हा कुठे शहराने ही कर्जं प्रत्येकी १,७०,००० डॉलरवर आणली.

जाता जाता एक. इथली आपली मंडळी 'बांगलादेशी' म्हटलं की नाक मुरडतात आणि रात्री अकराला दूध-कोथिंबीर आणायला त्यांच्याच दुकानात जातात. भिंतीला लागून हिल्सा माशाचा फ्रीझर, काउंटरवर एका बाजूला फोटोकॉपी, दुसऱ्या बाजूला पैसे पाठवायची खिडकी. दूध-भाजीत फार सुटत नाही, दुकान तगतं ते या खिडकीच्या कमिशनवर आणि मालक-भावांच्या आळीपाळीच्या पाळ्यांवर. दुकान आहे म्हणजे सुबत्ता आहे, असं त्यावरून समजू नका.

तुमचा शेवटचा प्रश्न, पथारीवरच्या बॅगेचा. ब्रँडची नक्कल विकत घेणाऱ्यालाही इथे ३०० ते ७,००० युरो दंड होतो, आणि पर्यटकांनाही झालेला आहे. धाड आली की विकणारा चादरीच्या कोपऱ्यांना बांधलेले दोर ओढून पळतो. माल जप्त झाला तर त्याच्या डोक्यावर कर्ज बसतं, कारण तो माल घाऊकवाल्याकडून उधारीवर घेतलेला असतो. पुस्तकांच्या दुकानांबाहेर काही सेनेगाली आफ्रिकन कथा-कवितांची छोटी पुस्तकं विकतात, ती बिनधास्त घ्या. भाव सांगतील त्यापेक्षा थोडा कमी करून देतात.