वारली लग्नातला चौक

प्रश्न: वारली पेंटिंगमधला चौकोन नुसती डिझाइन आहे का?

उत्तर: अजिबात नाही! पालघर-डहाणूकडच्या वारली लोकांत हा लग्नाचा चौक असतो, सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने तो काढतात आणि मधोमध पालघाट देवी बसवतात, शेजारी छोट्या देवचौकात पंचशिऱ्या देव. चौक नाही तर लग्न नाही, इतकं त्याचं महत्त्व. आणि लग्न लावते कोण, तर धवलेरी, म्हणजे बाईच, ती गाणी म्हणत विधी पार पाडते, मला तर ही गोष्ट फार मोठी वाटते. कागदावर चित्रं नंतर आली, १९७० च्या दशकात, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ती जगभर गेली. म्हणून प्रिंट घेताना मधली देवी आधी बघा, ती नुसती सजावट नाहीये.